सोमनाथच्या ढेरीतली मी

मित्रांनो, मी सोमनाथच्या ढेरीतली एक जुनी चरबीची पेशी आहे. नाक मुरडू नका. बजाजनगरच्या वळणावर आमची ढेरी आधी दिसायची, सोमनाथ मागून यायचा. त्याचा पट्टा शेजारीण साड्या वाळत घालायला मागून न्यायची. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा.

जन्मले तेव्हा मी अगदी बारीक होते. पुढं कंपनीच्या कॅन्टीनचं जेवण, पाळी सुटल्यावरचा मटणाचा नान-खलिया, वर जिलेबी. त्यातलं उरलंसुरलं माझ्याकडं ठेवायला यायचं आणि मी कशालाच नाही म्हटलं नाही. फुगता फुगता जागा पुरेना, तेव्हा माझ्या आतली धोक्याची जनुकं जागी झाली आणि सारखी बोंब मारू लागली. सोमनाथला ती ऐकू येत नव्हती.

मग त्याच्या बायकोच्या, तनुजाच्या, दोन्ही किडन्या थकल्या. सोमनाथची जुळली, पण डॉक्टर म्हणाले, "आधी वजन उतरवा, मगच तुमची काढता येईल."

तो मोजकं खाऊ लागला आणि माझ्यात उलथापालथ झाली. जनुकं तीच, फक्त पाळ्या बदलल्या. चरबी साठवणारी झोपली, बोंब मारणारी गप्प झाली. मी बारीक होत गेले, मोकळी झाले. पण पोट भरल्याचा निरोप मेंदूला धाडणारं माझं जनुकही मंदावलं. त्यामुळं बिचाऱ्याला सारखी भूक लागायची. एकदा तर कॅलेंडरवरच्या लाडवांकडं बघत त्यानं टोपलीभर काकड्या संपवल्या.

अशातच अधिक महिना आला. सासूबाई चतुराबाईंनी जावयाला छावणी भागातल्या आपल्या घरी धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. पुरण भरलेले, तुपात न्हालेले धोंडे ताटभर मांडले. सोमनाथचा हात आपोआप पुढं गेला.

"मामी, लई झालं," तो म्हणाला, पण डोळे ताटावरच.

"खा की, जावई. अधिकात सासूच्या हातचं परतवत्यात व्हय?"

"आई," तनुजा हळूच म्हणाली, "त्यांचं वजन वाढलं तर माझी किडनी तुझ्या पुरणात गेली म्हणून समज."

चतुराबाईंनी वाढायचा हात मागं घेतला. मग ताट उचलून त्यांनी सोमनाथच्या हातात दिलं. "वाण द्यायचं असतंय, दिलं. आता हे गल्लीत वाटून या. तवर मी ताक अन् मेथी वाढते."

सोमनाथनं दारोदार धोंडे वाटले. त्या दुपारी अख्खी गल्ली चतुराबाईंची जावई झाली, एक बोकडसुद्धा.

यथावकाश वजन उतरलं आणि ऑपरेशन झालं. किडन्या थकल्यामुळं पूर्वी घोट-घोट मोजून पाणी पिणारी तनुजा आता तांब्या तोंडाला लावते आणि सोमनाथ बघत बसतो.

मित्रांनो, आम्ही पेशी बारीक होतो, पण सहसा नाहीशा होत नाही. जुन्या जाडपणाची खूण आमच्यात टिकून राहते आणि ढिलाई दिसली की आम्ही पुन्हा फुगतो. म्हणून आम्हाला शिव्या देऊ नका, उपाशीही मारू नका, फक्त बेतानं वागवा. आणि पंगतीत कुणी ताटावर हात आडवा धरला, तर आग्रह आवरा. त्या हातामागं कुणाचं पाणी अडलंय, हे वाढणाऱ्याला दिसत नसतं.