हिरवी रेघ
हॉस्पिटलात तिला सगळे डेटाबेसबाई म्हणायचे, आणि त्यात कौतुक कमी, तक्रार जास्त. नोंदणीच्या खिडकीवरची स्क्रीन अडकली, बोलवा डेटाबेसबाईंना. रक्ताचा अहवाल उशिरा आला, बोलवा डेटाबेसबाईंना. एकदा तर लिफ्ट बंद पडली तेव्हाही कुणा शहाण्याने तिलाच फोन केला होता. तळघरात एक जुनं मेनफ्रेम, म्हणजे कपाटाएवढा थोरला संगणक होता, त्यात सगळ्या रुग्णांच्या नोंदी होत्या आणि त्याची चाल राखणं हे तिचं काम होतं.

सध्या ती चाल बिघडली होती. सकाळी खिडक्या उघडल्या की एका शोधाला सरासरी किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या, तिच्या समोरच्या आलेखाची रेघ चढायची ती दुपारपर्यंत लालच. तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? मेमरीची वाटणी बदलली, मोठे अहवाल सुट्टीच्या दिवसावर ढकलले, विस्कटलेल्या नोंदी पुन्हा रचून घेतल्या. रेघ ढिम्म. डोक्याचा पार भुगा झाला तेव्हा कुठे चोर हाती लागला. लोक हॉस्पिटलचं कार्ड घरी विसरून येत, मग खिडकीवर नावावरून शोध घेतला जाई. कार्डाच्या क्रमांकाला इंडेक्स होता, म्हणजे यंत्र थेट त्या नोंदीवर पोचायचं. नावाला इंडेक्सच नव्हता. एका नावासाठी बिचारं पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं धुंडाळत बसायचं, आणि तोवर बाकीच्या खिडक्या अडून राहायच्या.

म्हणजे नावालाही इंडेक्स बांधायचा, संपलं. ती विभागप्रमुख साहेबांकडे गेली. साहेबांनी ऐकवलं की इंडेक्सला डिस्कवर जागा लागते, जागेला पैसे लागतात, आणि या म्हाताऱ्या यंत्रावर एक पैसाही घालायचा नाही असं वरून ठरलंय. त्यात शुक्रवारी विश्वस्त पाहणीला येणार. रेघ हिरवी दिसली नाही तर सगळं काम बाहेरच्या कंपनीकडे आणि बाईंची रवानगी भांडारात, चादरी मोजायला. म्हणजे काही द्यायचं नाही, पण रेघ मात्र हिरवी हवी! तिला वाटलं, कपाळ आपटून घ्यावं, पण कुठल्या भिंतीवर?

तोडगा साहेबांनीच काढला. जी क्वेरी, म्हणजे जो शोध, फार रेंगाळेल तो यंत्राने आपणहून तोडावा, अशी मर्यादा घाला म्हणाले. तिने सांगून पाहिलं की तोडलेली क्वेरी सरासरीत धरलीच जात नाही, रेघ हिरवी होईल पण खरी नसेल. हिरवी ती हिरवी, असं म्हणून साहेबांनी विषय संपवला. तिला काही ते पटलं नाही. पण भांडार डोळ्यांपुढून हलेना. खिडकीवर 'वेळ संपली, कार्ड क्रमांक द्या' असं काहीतरी येईल, लोक कुरकुरतील आणि कार्ड आणायला शिकतील, अशी तिने मनाची समजूत घातली आणि मर्यादा लावून टाकली.

रेघ धाडकन खाली आली. साहेबांनी ज्याला त्याला धरून आणून दाखवली आणि स्वतःच्या खिशातून चहा पाजला, ही त्या विभागातली पहिलीच वेळ असावी. तिला तो चहा काही गोड लागला नाही.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली तर थोरली जाऊ गुणगुणत भाजी चिरत होती. जाऊ त्याच हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, आणि इतके दिवस घरी येऊन धाकटीच्या यंत्राचा उद्धार करायची. आज मात्र स्वारी खुशीत होती.

"अगं, काय जादू केलीस? पूर्वी नाव टाकलं की ताटकळत बसायचे. आता चटकन सांगतं, नोंद सापडली नाही. मी लगेच नवीन कार्ड करून मोकळी."

"वहिनी, नोंद सापडली नाही, असंच लिहून येतं?"

"मग दुसरं काय येणार?"

आता तिला उमगलं. खिडकीवरच्या स्क्रीनचा तो प्रोग्राम कुणी कधी लिहिला देव जाणे, पण लिहिणाऱ्याने काहीही बिघडलं तरी दाखवायला हे एकच वाक्य ठेवलं होतं. यंत्र शोध अर्ध्यावर सोडत होतं आणि स्क्रीन बेधडक सांगत होती की हा माणूस इथे कधी आलाच नाही. मर्यादा घालण्याआधी तिने एकदा तो उघडून बघायला हवा होता. लोक काही म्हणत नाहीत का, असं तिने विचारलं. म्हणतात की, जाऊ म्हणाली, आम्ही आधी येऊन गेलोय म्हणतात, पण रांगेत कुणी काहीही सांगतं, यंत्र थोडंच खोटं बोलणार? नवीन कार्ड म्हणजे कोरी फाइल. जुने आजार, चालू गोळ्या, कुठलं औषध अंगाला सोसत नाही, सगळं जुन्या फाइलीत. तिला स्वतःचाच इतका संताप आला की भूक मेली. जाऊला हे सगळं समजावलं तेव्हा ती आधी भडकली, आणि मग तिने विचारलं की आपण केलेल्या एवढ्या कार्डांचं आता काय.

शुक्रवारी तिने साहेबांना गाठून सारं सांगितलं. साहेब म्हणाले, विश्वस्त जाऊ देत, मग बघू. तिने मान डोलावली, जागेवर येऊन बसली आणि मर्यादा काढून टाकली. विश्वस्त तळघरात उतरून आलेखापुढे उभे राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रेघ चढायला लागली. पिवळी झाली, लाल झाली. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण तिने पाहिला नाही.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. खिडकीवरून जाऊ बोलत होती. कार्ड विसरून आलेल्या एक आजी समोर आहेत, नाव टाकलंय, स्क्रीन हलत नाही, रांग ओरडतेय.

"थांबा वहिनी. फोन ठेवू नका."

साहेब तिच्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते. ती फोन कानाला घट्ट धरून बसून राहिली.

"सापडल्या," जाऊ म्हणाली, आणि मग स्क्रीनवरचं वाचायला लागली. "दोनदा सापडल्या गं. एक जुनी फाइल, तिच्यावर लाल अक्षरात एका इंजेक्शनचं नाव आहे, देऊ नये म्हणून. आणि एक मी परवा केलेली. तिच्यावर डॉक्टरांनी तेच इंजेक्शन लिहून दिलंय. आज घ्यायला आल्यात."

"त्यांना खिडकीपासून हलू देऊ नका," एवढं बोलून ती जिन्याकडे पळाली. मागे साहेब विश्वस्तांना समजावत होते की रेघ एरवी हिरवीच असते.