भादव्यात तडकलेली काच

मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. खिडकीची नव्हे, आरशाची नव्हे. सामान वाहणाऱ्या एका गाडीची पुढची काच. कुपवाडच्या एका कारखान्याच्या मागच्या भिंतीला टेकून मी उभी आहे. माझ्या अंगावर इतक्या चिरा आहेत की पलीकडचं काही धड दिसत नाही. उजव्या बाजूला हात जाईल एवढं भोक आहे. तरीही मी तुकडे होऊन पडलेली नाही. का, ते सांगते.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू वितळवून माझे दोन पातळ तक्ते केले आणि त्यांच्यामध्ये एक पारदर्शक पापुद्रा घालून, गरम करून, दाबून ते एकजीव केले. फुटले तरी तुकडे त्या पापुद्र्याला चिकटून राहावेत, माणसाच्या अंगावर येऊ नयेत, अशी ती युक्ती. गवतात गुंडाळून मला पुण्याला धाडलं आणि तिथं एका नव्या निळ्या गाडीच्या तोंडाला काळ्या रबरात बसवलं. साल होतं एकोणीसशे बहात्तर.

गाडी घेतली सांगलीच्या गोपाळकृष्ण आगाशे यांनी. कुपवाडला त्यांचा विहिरीवरच्या विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचा कारखाना होता. जळालेली मोटार गावातून आणायची, तिच्यात नवी तार गुंडाळायची आणि परत नेऊन बसवून द्यायची, हे काम. गाडी चालवायला आकाराम होता. तो कोरेगावकडचा, पंधरा वर्षं लष्करात ट्रक चालवून आलेला. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो ओल्या फडक्यानं मला आतून-बाहेरून पुसायचा. मालकांनी एकदा विचारलं, "अरे, एवढं काय पुसतोस रोज?" तो म्हणाला, "मालक, चाक फिरवतुय हात, पर गाडी चालवत्यात डोळं." ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

दोन वर्षं आम्ही रस्ते तुडवले. खडीचे दगड टणकन अंगावर यायचे. एकदा एक घार भरधाव येऊन आदळली आणि तिचं रक्त वाळेपर्यंत माझ्यावर राहिलं. पण माझ्यावर ओरखडाही उठला नाही.

मग चौऱ्याहत्तरचा भाद्रपद आला.

शिराळ्याजवळच्या एका गावात हंबीरराव नावाचे बागायतदार होते. त्यांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या सामाईक विहिरीवरून भांडण पेटलेलं होतं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. हंबीररावांची दुरुस्त झालेली मोटार घेऊन आम्ही विहिरीच्या वाटेला लागलो. आकाराम चाकावर आणि मालक त्याच्या डाव्या हाताला बसलेले. वाट अरुंद होती. वळणावर चुलतभावाची दहा-बारा माणसं काठ्या घेऊन आडवी उभी होती.

"मोटार उतरायची न्हाई! माघारी फिरवा!" त्यांच्यातला एक ओरडला.

मालक खाली उतरून समजूत घालायला निघाले. त्यांनी दाराला हात लावला मात्र, पहिला धोंडा आला. तो आकारामच्या बाजूच्या दाराला लागला. दाराची काच साधी होती. तिचा चुरा होऊन आकारामच्या दंडात घुसला. दुसरा धोंडा टपावर वाजला. तिसरा नारळाएवढा होता. तो सरळ मालकांच्या तोंडावर येत होता. मध्ये मी होते.

तो दणका मला अजून आठवतो. माझा बाहेरचा तक्ता फुटला, आतलाही तडकला, पण पापुद्रा फाटला नाही. धोंडा उडून खाली पडला. मालक हात तोंडावर घेऊन ओणवे झाले होते. त्यांना खरचटलंही नव्हतं. आकारामनं रक्ताळलेल्या हातानं गाडी मागं दामटली, चाकांत खुपसलेल्या दोन काठ्या मोडल्या, आणि आम्ही सुटलो.

त्या दिवसापासून माझं नशीब फिरलं. मित्रांनो, मी अपमान सोसला म्हणून बिघडले नाही. माझी पूजा झाली म्हणून बिघडले.

माझ्या डाव्या बाजूला, धोंडा लागला तिथं, चांदणीसारखी खूण उमटली होती. खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रांची पूजा झाली, तेव्हा मालकांनी त्या चांदणीवर स्वतःच्या हातानं कुंकू लावलं, हार घातला. ते सगळ्यांना म्हणाले, "ही काच नसती तर आज मी नसतो. हिनं माझा जीव वाचवलाय."

आकाराम शेजारी उभा होता. त्यानं हळूच सांगितलं, "मालक, वाचिवला, खरं हाय. पर आता ती बदलायला पायजे. पुण्यास्नं मागवून घ्या."

"बदलायची? अरे, हिला काढून भंगारात टाकू? अजून धोंडा आला तर?"

"आवं, एकदा सोसलं तिनं. दुसऱ्यांदा सोसायची न्हाई ती."

मालक हसले आणि त्यांनी विषय टाळला. ते कंजूष नव्हते, दुष्टही नव्हते. मरण तोंडासमोरून गेलं होतं आणि त्या भीतीतून त्यांना माझ्यावर श्रद्धा बसली होती. मला बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की मालक, मी थकले आहे, मला काढा.

कारण चांदणीच्या टोकातून एक चीर निघाली होती. आधी केसाएवढी. दुपारी तापलेल्या अंगावर कुणी गार पाणी मारलं की ती सरके. कुणी दार जोरात आपटलं की सरके. खड्ड्यात चाक गेलं की सरके. आकारामनं तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन चिरेच्या टोकाला ठिपका दिला. आठ दिवसांनी चीर ठिपक्याच्या पुढं गेली. त्यानं दुसरा ठिपका दिला. दिवाळीपर्यंत चार ठिपके झाले, संक्रांतीपर्यंत नऊ. चीर डावीकडून उजवीकडं, त्याच्या बाजूला, येत होती.

तो ठिपके दाखवून मालकांना म्हणाला, "लष्करात अशी गाडी गेटाभाइर सोडत न्हाईत. वर लडाखात आमच्या म्होरल्या ट्रकाची काच अशीच हुती. वाऱ्याच्या एका झोतानं आत आली. चालवणारा माझ्या गावचा हुता. म्या गोळा केला त्याला."

"ते डोंगर होते, आकाराम. इथं सांगली आहे," मालक म्हणाले. "होळी होऊ दे, बघू."

"होळीपातूर नगं. ही चीर चाकाच्या सरळ रेषेत आली, का मी गाडीला हात लावणार न्हाई. आत्ताच सांगून ठेवतु."

फाल्गुन लागला आणि चीर तिथं आली. आकाराम बसला की ती त्याच्या नजरेच्या बरोबर मध्ये येई. त्याच दिवशी दुपारी पश्चिमेकडल्या एका गावाचे पंच कारखान्यात आले. गावाच्या पाण्याच्या विहिरीवरची मोटार तीन दिवसांपासून दुरुस्तीला पडून होती आणि बायका दोन मैलांवरून पाणी आणत होत्या. मोटार चार वाजता तयार झाली. मालक म्हणाले, "आकाराम, काढ गाडी."

आकाराम उठला नाही. "आत्ता निघालो का ऊन समोरनं येणार. त्या चिरंवर ऊन पडलं का सगळी काच पेटल्यागत दिसतीया. सकाळी नेऊ, ऊन पाठीशी असंल. न्हाईतर शेजारचा टेंपो घेऊ."

"गावाला पाणी नाही तीन दिवस! आणि तू उन्हाचं सांगतोस?"

"मी सांगिटलं हुतं तुमास्नी."

मालकांचा तोल गेला. सगळ्या कामगारांसमोर ते ओरडले, "भ्यायलास तू! कसला लष्करातला? भेकड!"

आकारामनं एका झेपेत त्यांची गचांडी धरली आणि त्यांना माझ्यावर दाबलं. मालकांनी हात सोडवून त्याच्या कानफटात ओढली. ज्ञानू फिटर मध्ये पडला म्हणून पुढचं टळलं. आकारामनं खिशातून किल्ली काढली आणि मालकांच्या पायाशी फेकली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो एवढंच बोलला, "मारा अजून. पर गाडी काढू नगा."

मालकांनी किल्ली उचलली. ज्ञानूला शेजारी बसवलं आणि ते स्वतः चाकावर बसले.

इस्लामपूर मागं पडलं तेव्हा सूर्य रस्त्याच्या टोकाशी उतरला होता. समोरून ऊन आलं आणि माझ्या चिरेत शिरलं. मग मी जे टाळू शकत नव्हते ते झालं. माझं सगळं अंग पांढरंफेक चमकलं. मालकांनी एक हात डोळ्यांवर धरला. रस्ता, झाडं, माणसं, काहीच दिसेना. दिसण्यासाठीच मला घडवलं होतं आणि मीच त्यांना आंधळं केलं होतं.

"मालक, गाडी!" ज्ञानू किंचाळला.

पुढं उसानं भरलेली बैलगाडी चालली होती. मालकांनी पाय दाबला, पण उशीर झाला होता. बाहेर आलेली उसाची टोकं माझ्या चिरेतून भाल्यांसारखी आत घुसली. पापुद्रा फाटला. माझ्या कपच्या उडाल्या आणि मालकांच्या उजव्या डोळ्यात गेल्या. बैलगाडी पुढं ढकलली गेली, जू बैलांच्या मानेवर चढलं, एक बैल गुडघ्यावर कोसळला आणि त्याची मान मोडली. दुसरा हंबरत, लाथा झाडत राहिला. उसाच्या भाऱ्यावर बसलेली बाई खाली फेकली गेली, आणि कलंडलेल्या गाडीचं चाक तिच्या डाव्या हातावर आलं.

तिचं नाव राहीबाई. गाडी हाकणाऱ्या तिच्या नवऱ्याचं नाव गुंडा. तो उडी मारून आला आणि त्यानं मालकांना दारातून ओढून रस्त्यावर आपटलं. शेजारच्या फडातून ऊस तोडणारी माणसं कोयते घेऊन धावली. लाथा, बुक्क्या, उसाची कांडी, जे हाताला येईल त्यानं ती मालकांना मारू लागली. ज्ञानूचं डोकं फुटलं. मालकांनी एकदाही हात वर केला नाही. गुंडानं एकाच्या हातातला कोयता हिसकावून घेतला.

"माझा बैल मारलास! माझी बायकू मारलीस! तुझी खांडोळी करतु!"

कोयता वर गेला. तेवढ्यात चाकाखालून राहीबाईचा आवाज आला. तो रडका नव्हता, संतापाचा होता.

"आरं, त्येला मारून माझा हात निघतुय व्हय? आदी चाक उचला की, मुडद्यांनो!"

सगळे थबकले. कोयता खाली पडला. गुंडा चाकाकडं धावला, आणि त्याच्यामागून मालक उठले. एका डोळ्यातून रक्त गळत होतं, सदरा फाटला होता. त्यांनी गुंडाच्या खांद्याला खांदा लावला आणि दोघांनी मिळून गाडी उचलली.

पोलीस आले तेव्हा ज्ञानू सांगू लागला, "बैलगाडी एकदम मधी आली, सायेब." मालकांनी त्याला थांबवलं. "नाही. गाडी सरळ चालली होती. माझी काच सहा महिने फुटलेली होती. मला समोरचं दिसत नव्हतं. लिहून घ्या."

दुसऱ्या दिवशी आकारामनं शेजारच्या टेंपोतून ती मोटार सकाळीच त्या गावाला नेली. ऊन पाठीशी होतं. दुपारच्या आत गावात पाणी सुरू झालं.

तिथून तो थेट दवाखान्यात गेला. तिथलं मी नंतर ज्ञानूच्या तोंडून ऐकलं. मालकांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. उजवा डोळा पुन्हा उघडला नाही. पलीकडच्या खोलीत राहीबाई होती; तिचा डावा हात मनगटापासून कापला होता.

मालकांनी त्याची चाहूल ओळखली. "आकाराम, कधी बदलायला हवी होती रे?"

"धोंडा लागला त्याच दिशी," आकाराम म्हणाला. "तवा न्हाई तर चीर हालली तवा. लय दिस हुतं, मालक."

मालकांनी त्याचा हात चाचपून धरला. "तुला मारलं मी."

"त्येचं काय न्हाई. पर हितनं म्होरं गाडी हुबी करायची का न्हाई, ते मी ठरवणार."

"तूच ठरव," मालक म्हणाले.

पंधरा दिवसांनी आकारामनं मला काढलं. बाहेरून रबर सुरीनं कापलं, आत बसून दोन्ही पायांनी मला हलकेच रेटलं आणि ज्ञानूनं झेललं. मला दुःख झालं नाही. नवी काच बसताना मी पाहिली. तिच्यातून आकारामचा चेहरा स्वच्छ दिसत होता, आणि मला हायसं वाटलं.

पावसाच्या तोंडाला एक दिवस गुंडा आणि राहीबाई कारखान्यात आले. मालकांनी बैल घेऊन दिला होता, कोर्टात गुन्हा कबूल केला होता. त्याबद्दल बोलायला ती आली नव्हती. "ती काच कुठं हाय?" एवढंच तिनं विचारलं. आकारामनं तिला माझ्यापाशी आणलं. मागोमाग मालकही आले. ती माझ्यासमोर उकिडवी बसली. उरलेल्या हाताचं बोट तिनं चांदणीवर ठेवलं आणि चिरेवरून सावकाश उजवीकडं नेलं, चुन्याच्या एकेका ठिपक्यावरून, त्या भोकापर्यंत.

"ही कवा फुटली?"

"भादव्यात," आकाराम म्हणाला.

"आन् आमी फाल्गुनात." ती बोटांवर महिने मोजू लागली, आणि डाव्या हाताकडं पाहून थांबली. मग वळून मालकांना म्हणाली, "इतकं दिस तुमी काय बघत हुता, आवं?"

मालकांनी मान खाली घातली. राहीबाई उठली, पदर सारखा केला आणि नवऱ्याबरोबर निघून गेली.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात; गाड्या तुमच्या हातात नाहीत. पण उद्या येतील. आम्हा निर्जीव वस्तूंना जपा, पुसा, आमची कदर करा, हे सगळेच तुम्हाला सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. आम्ही थकलो की आम्हाला काढा. आम्ही कधी तुमचा जीव वाचवला असेल, तरी काढा. आमचे उपकार आठवून आम्हाला कामावर ठेवू नका. तुमच्या गाडीसमोरून कुणी राहीबाई चालली असेल, आणि तिनं कुणाचं काही वाईट केलेलं नसेल.