खांद्यावर दोन थापा

आमच्या घरात बोलणं हातानेच चालायचं. कारण नाना.

माझे वडील. हिलाल मेकॅनिक म्हणून सुरतेच्या उधन्यात ओळखायचे. लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, शेजारचा ओरडला तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हाताने बोलतात. तळहात आडवा फिरवला की मशीन बंद कर. मूठ वर केली की चालू. आणि पाळी बदलताना नवा माणूस मागून येऊन खांद्यावर दोन थापा मारतो, म्हणजे मशीन आता माझं. त्या थापा पडल्याशिवाय नानांनी कधी खातं सोडलं नाही. पडल्या की हात पुसायचे, निघायचे, मागे बघायचं नाही. मागे बघितलं की अजून एक काम दिसतं, म्हणायचे.

कान त्यातच गेले. मग घरी पण तेच. माय पिठाच्या हाताने उत्तर द्यायची. माझी बहीण जयू तर हातानेच शिव्या द्यायची, नाना खो खो हसायचे.

मला मात्र खात्यात पाय ठेवू दिला नाही. मी व्हिडिओ बघून मोबाईल रिपेरिंग शिकलो, गोडादऱ्यात दुकान टाकलं. नाना यायचे, माझे हात उलटेपालटे करून बघायचे. काळे नाहीत ना.

मग त्यांची फुफ्फुसं गेली.

दवाखान्यात तोंडात नळी, शेजारी श्वासाचं मशीन. नळी ओढतात म्हणून नर्सने दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधले.

"सिस्टर, ये हाथ से ही बोलते हैं."

"तो क्या करूँ भैया? नली खींच लेंगे तो?"

शेवटी ठरलं, भेटायच्या वेळात मी समोर असेन तर सोडायचे.

हात सुटल्या सुटल्या नानांनी मशीनकडे बघितलं आणि तळहात आडवा फिरवला.

बंद कर.

मायला पण कळलं. तिने तो हात धरून खाली दाबला. "आते जावानं नही. जयूनं लगीन बाकी शे. मंडपमा कोन उभा ऱ्हाई?"

नानांनी हात सोडवला. परत तेच.

मग मायनेच पट्टी उचलली आणि स्वतः तो हात बांधला. गाठ घट्ट मारली. रडली नाही.

डॉक्टर बाहेर म्हणाले, आता सुधारणार नाहीत. मशीन आहे तोवर आहेत.

दुसऱ्या दिवशी दत्तूकाका आले. नानांनंतरची पाळी त्यांची. सवयीने ओरडलेच, "काय हिलालभाऊ, इथं एसीत झोपून राहिला! आम्ही तिकडं घामानं मरून राहिलो!"

"काका, धीमे!" नर्स म्हणाली.

"बेन, हमारा यही धीमा है."

नाना डोळ्यांनी हसले. मी हात सोडला. परत तळहात आडवा.

दत्तूकाकांचं तोंड उतरलं. बाहेर येऊन मायला म्हणाले, "शोभाबाई, थापा पडल्याशिवाय हा माणूस जात नाही. कितीक ओढायचं त्यानं?"

"मंग तुम्हीच मारा ना!"

"माझ्या थापेनं तुमचं घर चालंल का?"

मायने माझ्याकडे बघितलं. "हाऊ मारी? याना हात त लोणीसारखा मऊ शेतस."

मी आत गेलो. दोन्ही हात सोडले. पलंगामागे उभा राहिलो. खांदा नुसता हाड. दोन थापा मारल्या.

नानांनी मान वळवून मागे बघितलं. बोट माझ्याकडे, मग हात हलवला. तू नको. परत, तू नको.

मी मूठ वर केली. चालू ठेवतो. जयूचं बघतो, मायचं बघतो. ते बघतच राहिले.

माय पुढे आली. पदर ओला करून एक एक बोट पुसलं, थापा पडल्यावर ते स्वतः पुसायचे तसं. पट्टी बांधली नाही. नर्स बोलली तरी बांधू दिली नाही, स्वतः बसून राहिली. नानांनी नळीला हात लावला नाही. सकाळी पाळी बदलायच्या टायमाला, मशीन चालू असतानाच गेले.

जयूचं लग्न झालं. दुकानावर सगळा खर्च निघेना. आता मी खात्यात नानांच्या जागी आहे, दिवसपाळीला. नखांतलं काळं कशानेच जात नाही.

संध्याकाळी दत्तूकाका मागून दोन थापा मारतात. मी रोज मागे बघतो. ते हाताने सांगतात, जा.