हलव्याचा काटा

"हट् साल्या!" म्हणत मारोतीनं शेगडीवरून परात ओढली. साखर पुन्हा करपली होती. सलग तिसऱ्या सकाळी साबुदाणा तपकिरी आणि गुळगुळीत.

उरला गावच्या रोलिंग मिलमध्ये सत्तावीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस तो. लोखंड ऐकत नसेल तर आच वाढवायची, एवढंच त्याला ठाऊक. हलव्यालाही त्यानं तोच हिसका दाखवला. चित्रा असती तर पोट धरून हसली असती. पण त्याची बायको भाद्रपदात तापानं आठ दिवसांत गेली होती. तिनं माहेरून आणलेली अंगठ्याएवढी पितळी अन्नपूर्णा त्यानं त्याच दिवशी फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात कोंबली. रोज दिवा लावून घेणारी ती, आणि वेळेला कुठं गेली होती? त्यानंतर देव्हाऱ्याकडं त्यानं पाहिलं नव्हतं.

आता लेकीची, अनुश्रीची, पहिली संक्रांत आली होती. लग्नात विहीणबाईच चित्राला म्हणाल्या होत्या, "हलव्याचे दागिने तुमच्याच हातचे पाहिजेत हं." चित्रानं हो म्हटलं होतं. तिचा शब्द तिच्यामागं खोटा पडावा, हे मारोतीच्या जिवाला लागलं होतं.

शेजारच्या इंदूबाईंनी करपल्याच्या वासानं खिडकीतून डोकावलं. "भाऊजी, काहून एवढी आच? बारीक आचेवर बसा. थेंब थेंब पाक टाका, बोटांनी फिरवा. थंडीत काटा आपोआप येते."

"आपोआप म्हणजे कधी?"

"येईल तेव्हा. माणसाच्या हातात हाय का ते?"

मग तो बसला. दाराच्या फटीतून बीरगांवचा गार वारा पाठीला झोंबायचा, बोटांची टोकं परातीत पोळायची. दुपारपाळीची वेळ होईस्तोवर फिरवत राहायचा. सहा दिवस गेले. सातव्या सकाळी बोटांना काहीतरी टोचलं. त्यानं दाणा उजेडात धरला. पांढराशुभ्र, आणि अंगभर बारीक बारीक काटे!

मारोती ढसाढसा रडला. चित्रा गेली त्या दिवशीही रडला नव्हता एवढा. मग डोळे पुसून त्यानं अन्नपूर्णेला तांदळातून काढलं, धुतलं आणि देव्हाऱ्यात बसवलं.

"तुयावर राग हायेच," तो म्हणाला, "पण काटा तूच आणला, हे मानतो."

या दाण्यांना भोक पाडता येत नाही. एकेक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवून गाठ मारावी लागते. सळ्या ओढणाऱ्या बोटांनी त्यानं मंगळसूत्र केलं, बांगड्या केल्या, वाकी केली. वाकी जराशी वाकडीच झाली, पण झाली.

संक्रांतीला तो डबा घेऊन लेकीच्या घरी गेला. अनुश्री काळ्या साडीत बसली होती. अंगावर हलव्याचे दागिने होतेच.

"सदर बाजारातून आणले," विहीणबाई गोड आवाजात म्हणाल्या. "तुम्ही काहून त्रास घेतला मारोतीराव? तुमच्याकडं वर्षाच्या आत सण नाही. पहिल्याच संक्रांतीला दुखवट्याच्या घरचं सुनेच्या अंगावर कसं घालू?"

"तुम्हीच म्हणाल्या होत्या ना..."

"तेव्हा चित्राताई होत्या."

मारोतीनं लेकीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. "बाबा, समझो ना."

त्यानं डबा उचलला. तो उठला. फाटकापाशी अनुश्री धावत आली. तिनं डबा उघडून मंगळसूत्रावर बोट फिरवलं.

"काटा आला, बाबा?"

"हव."

"आईचा पण इतका टोकदार नव्हता येत."

आतून हाक आली. तिनं झाकण लावून डबा त्याच्या हातात दिला. ते बोट मात्र मुठीत घट्ट धरून ती आत गेली.

घरी येऊन मारोतीनं मंगळसूत्र अन्नपूर्णेच्या गळ्यात घातलं.

"तूच घाल. तुले कोणाचं वर्ष पाळा लागत नाही."

तीन वेढे घेऊनही ते मोठंच झालं. देवी सगळी झाकली गेली, हातातली पळी तेवढी बाहेर दिसत होती.  "तुया मापाचं करून देतो," म्हणत तो उठला. थंडी अजून होती. उरलेला साबुदाणा त्यानं परातीत ओतला, शेगडी पेटवली आणि आच बारीक केली.