बोंड छापलेली थैली

“पिशवी खाली!” मी वॉर्डाच्या दारातूनच ओरडले. “तुळशीराम, किती वेळा सांगायचं? लघवीची पिशवी गादीवर ठेवायची नाही!”

तुळशीरामने दचकून वडिलांच्या पांघरुणात हात घातला आणि भरत आलेली पिशवी खाटेखाली सोडली. भेटायला आलेल्या चार बायांनी पदर तोंडाला लावले. खाटेवर भाऊरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हा माझा आवाज असा होता, की पलीकडच्या वॉर्डातली तान्ही पोरं जागी व्हायची. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोराही होता.

भाऊराव वडनेर भोलजी गावचे, नाकावर माशी बसू न देणारे. बीटी कपाशी येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. कापूस घरात यायचा, भाव काही यायचा नाही. मग लोक माजघरात आढ्यापर्यंत कापूस रचून वाट बघत बसायचे. तसल्याच ढिगावरून पाय घसरून भाऊराव उंबऱ्यावर आपटले आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यात प्रोस्टेटचं जुनं दुखणं. लघवी अडली म्हणून नळी घालावी लागली. हाडांचे डॉक्टर आमच्याकडे दर गुरुवारी यायचे. पहिल्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं, पण बुधवारी भाऊरावांना हुडहुडी भरून ताप आला, लघवी गढूळ झाली. नळीच्या वाटेने जंतू आत शिरले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी येऊन नळी बदलली, इंजेक्शनं सुरू केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “शकुंतला सिस्टर, पुढच्या गुरुवारपर्यंत ताप परत आला नाही, तरच मी हात लावीन. पुन्हा आला तर या वयात जंतू रक्तात जातील. मग यांचं चालणं विसरा.”

ताप कुठून आला, ते मला पक्कं ठाऊक होतं. पिशवी वर उचलली की तिच्यातली लघवी नळीतून उलटी आत जाते. मी हात घासून घासून धुवायचे, नळी घालताना श्वाससुद्धा जपून घ्यायचे, आणि भेटीच्या एका तासात सगळी मेहनत वाया. म्हणून मी मोठ्या अक्षरांत ‘पिशवी कंबरेच्या खाली’ असं लिहून प्रत्येक खाटेला कागद चिकटवला. पालथ्या घड्यावर पाणी! चारला भेटीची वेळ सुरू व्हायची, जीप भरभरून गावं यायची, आणि चारला पाच कमी असताना साऱ्या पिशव्या पांघरुणात गुडूप.

“अडाणी लोक,” मी नसीमाबीजवळ चरफडले.

नसीमाबी आमच्या वॉर्डाची आया. पिंजाऱ्याच्या घरची, नवरा अब्दुल गनी कापूस पिंजून गाद्या भरायचा, ती खोळी शिवायची. वॉर्डात तिला अठरा वर्षं झाली होती. प्रत्येक पेशंटचं भांडं वेगळं, पिशवी रिकामी करण्याआधी हात धुवायचे आणि केल्यावरही धुवायचे, हे तिला मीच शिकवलं होतं. पुढे तिने ते नव्या सिस्टरांना शिकवलं, आणि मी घाईत असले की माझ्यावरही डोळे वटारायला कमी करायची नाही.

“अडाणी नाही सिस्टरबाई, शरम हाय ते,” ती म्हणाली. “खाली ठेवली का साऱ्यायले दिसते. मानूस जिंदगीभर गावात इज्जतीनं राह्यला, अन् आता त्याचं मूत पाहाले पंचवीस लोकं उभे. तुमच्या बाबाची ठेवसान का तुमी अशी?”

मी फणकाऱ्याने इंजेक्शनांचा ट्रे उचलला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

सोमवारी भाऊरावांनी स्वतःच मला हाक मारली. सून कौशल्याबाई उशाशी डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

“सिस्टर, उद्या सोनाळ्याचे सोयरे येऊन राह्यले. नातीचं जमून राह्यलं. एक दिवस हे नळी काढून टाका.”

“काढली तर लघवी अडेल बाबा.”

“मंग पिशवी वर राहीन. सोयऱ्यायसमोर मी हे लटकवून बसनार नाही.”

“आणि पुन्हा ताप आला तर? गुरुवारचं ऑपरेशन?”

“पाय गेला त गेला. पोरीचं मोडलं त? आजा खाटेवर मुतते, आता सारं घर त्याच्यातच, असं म्हनतीन. काऊन देतीन ते पोरगा?”

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. नसीमाबीने माझ्या हाताला धरून मला थांबवलं. ती भाऊरावांच्या उशाकडे बघत होती. तिथे भाकरीचा डबा ठेवलेली कापडी थैली टांगली होती. कपाशीच्या बियाण्याच्या एका कंपनीने दुकानांतून फुकट वाटलेली, वर टपोरं पांढरं बोंड छापलेलं. आमच्या वॉर्डात अशी थैली नसलेली खाट शोधून सापडली नसती.

“भाऊ, हे थैली मले द्या,” ती म्हणाली. “सकाळी आनून देते.”

सकाळी तिने थैली आणली ती उकळून धुतलेली, वाळवलेली. बंद आखूड केले होते. बाजूला नळीसाठी चीर, तिच्या कडा घट्ट दुमडून शिवलेल्या. खालच्या कोपऱ्याची शिवण उसवून पिशवी रिकामी करायची तोटी बाहेर येईल एवढी जागा. तिने लघवीची पिशवी आत बसवली आणि थैली खाटेच्या दांडीला बांधली. गादीच्या खाली, जमिनीपासून वीतभर वर. मी चार पावलं मागे जाऊन बघितलं. खाटेला थैली टांगलेली, बस. तिच्याकडे कोण कशाला बघतंय?

“कोनी पुसलं त?” भाऊरावांनी विचारलं.

“त काय? बियान्याची थैली हाय. शेतकऱ्याजवळ नाही राह्यनार त काय डॉक्टरजवळ राहीन?”

आठ दिवसांत भाऊराव पहिल्यांदा हसले.

चारच्या ठोक्याला सोनाळ्याचे सुधाकरराव आले. शाळेत हेडक्लार्क, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मोजकं बोलणं. नेमके ते थैलीजवळच्याच स्टुलावर बसले. गुडघा जवळजवळ थैलीला लागत होता. तुळशीराम घामाने ओला झाला. मी औषधांच्या कपाटाशी उगाच बाटल्या मांडत उभी राहिले. भाऊराव मात्र उशीला टेकून ताठ बसले होते. कपाशीवर आलेल्या लाल्या रोगावर बोलले, नातीच्या बारावीवर बोलले. सुधाकररावांची नजर एकदा खाली गेली, क्षणभर थांबली आणि वर आली.

“तुमी आंगोदर पायावर उभे राहा,” उठताना ते म्हणाले. “मंग तुमच्या हातानंच साखरपुड्याची तारीख काढू.”

तासाभरात थैली तसूभरही हलली नव्हती, आणि मला एकदाही ओरडावं लागलं नव्हतं. ताप आला नाही. गुरुवारी ऑपरेशन झालं. शनिवारपर्यंत वॉर्डातल्या सहा खाटांनी आपापल्या थैल्या नसीमाबीकडे दिल्या होत्या. मी माझे कागद गुपचूप काढून टाकले. माझ्या ओरडण्याची मला लाज वाटली, पण त्या बाईचा अभिमान त्याहून मोठा होता. माझ्या वॉर्डातली आया, असं मी भेटेल त्याला सांगत सुटले.

पुढच्या सोमवारी सुधाकरराव एकटेच आले. भाऊरावांच्या खाटेकडे न जाता व्हरांड्यात माझ्यासमोर उभे राहिले.

“सिस्टर, ते थैली कोनं शिवली?”

मोडलं लग्न, मला वाटलं. मी नसीमाबीला हाक मारली.

“मले समजलं हे भाऊरावले सांगू नका,” ते हळू आवाजात म्हणाले. “माह्या मायले आठ महिन्यांपासून नळी हाय. कोनी आलं का पिशवी पोटाशी धरून गोधडी घेते. दार लावून घ्याले लावते. दर महिन्याले ताप. आठ महिन्यांत ओसरीवर आली नाही ते.” ते थांबले. “तिच्यासाठी एक शिवसान का?”

नसीमाबीने ‘हाव’ म्हटलं आणि लगेच कामाचं विचारलं. “थैली गादीच्या वर नाही आली पायजे, अन् भुईलेबी नाही टेकली पायजे. खाट केवढी उंच हाय अम्माची?”

भेटीची वेळ झाली होती. व्हरांडा माणसांनी भरला होता, त्यात सोनाळ्याचेही दोघे-तिघे असावेत, कारण त्यांनी सुधाकररावांना रामराम घातला. सुधाकररावांनी त्यांच्याकडे बघितलं. मग ते सगळ्यांदेखत कमरेत वाकले आणि गुडघ्याच्या जरा खाली तळहात आडवा धरला.

“एवढी,” ते म्हणाले. “माह्या मायची खाट एवढी हाय.”

नसीमाबी खाली बसली. तिने ब्लाउजातून दोरा काढला, एक टोक फरशीला लावलं आणि दुसरं त्यांच्या हातापर्यंत नेलं.

“हात हालवू नका,” ती म्हणाली.

तिचं माप घेऊन होईपर्यंत त्यांनी तो हलवला नाही.