मास्तरांची संमती

अर्धांगवायूचा झटका येण्याआधी बारकीच्या बाबांना गप्प बसवणं कुणाला जमलं नव्हतं. ते गाडी चालवायला शिकवायचे. क्लच हळू कसा सोडायचा हे अर्ध्या शहराने त्यांच्याकडून ऐकलं होतं, आणि त्याच्याबरोबर त्यांच्या लग्नाची, शेजाऱ्यांची आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याची गोष्टही. लोक त्यांना मास्तर म्हणायचे. एका सकाळी दात घासता घासता ते बेसिनपाशी खाली बसले, ते त्यांना उठताच येईना. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढावा लागत होता आणि बोलायला एकच शब्द उरला होता. नाही.

चहा हवा का? नाही, असं म्हणत हात कपाकडे. आंघोळीला जायचं? नाही, आणि उठून उभे. बारकीचा निकाल लागला त्या दिवशी तिच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे भरून, नाही, नाही. डॉक्टरांनी आईला समजावलं होतं, "त्यांना कळतं सगळं. शब्दही आत आहेत. बाहेर यायचं दार मात्र एकालाच सापडतं."

घराला सवय झाली. लांब ओढलेलं नाही म्हणजे हो. तुटक नाही म्हणजे खरंच नाही. लागोपाठ दोन म्हणजे आईला हाक. बाहेरच्यांना यातलं काही कळायचं नाही, मग बारकी मध्ये पडायची. "बाबा म्हणतात, बसा." "बाबा विचारतात, मुलगा काय करतो." घरात एकुलती एक असूनही तिचं नाव बारकी पडलं होतं आणि सतरा वर्षांची झाली तरी ते सुटलं नव्हतं.

त्या वर्षी तिला परदेशातल्या एका संस्थेत जागा मिळाली. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक यांच्या काचा घडवायचं तीन वर्षांचं शिक्षण. फी माफ, राहणं संस्थेकडे. पत्र तिने मोठ्याने वाचून दाखवलं. आई आधी हसली, मग पदराने डोळे पुसायला लागली. बाबांनी डाव्या हाताने पत्र ओढून घेतलं, उलटं धरलं, सुलटं केलं आणि शेजाऱ्यांना दाखवायला दाराकडे निघाले.

घोडं अडलं ते पासपोर्टपाशी. बारकी अजून सज्ञान नव्हती. अठरा पूर्ण व्हायला हिवाळा उजाडणार होता आणि संस्था त्याच्या कितीतरी आधी सुरू होत होती. जागा राखून ठेवता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. म्हणजे आईवडील दोघांची संमती हवी. आईने सही केली. बाबांना सही जमेना. अंगठा चालेल, पण अंगठा देणाऱ्याला अधिकाऱ्यासमोर प्रश्न विचारून त्याचं उत्तर लिहून घ्यावं लागेल, असं पासपोर्ट कार्यालयातल्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं. तिघंही निर्धास्त होती. बाबांची संमती नाही असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती. एकेका पायरीवर चांगला पाय, मग दुसरा, असं करत बाबा वर पोचले तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. अधिकारी एक पन्नाशीच्या बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. त्यांनी बाबांना पंख्याखाली बसवलं, पाणी मागवलं आणि त्यांना जरा दम खाऊ दिला. मग छापील कागद समोर घेऊन वाचलं, "आपल्या मुलीने शिक्षणासाठी परदेशी जाण्यास आपण संमती देता का?"

बाबांनी छाती पुढे काढली. "नाही."

मॅडमचं पेन थांबलं.

"मॅडम, ते हो म्हणतायत," बारकी घाईघाईने म्हणाली.

"मी नाही ऐकलं."

"त्यांना तेवढंच बोलता येतं. या नाहीचा अर्थ हो आहे."

मॅडमनी आईकडे बघितलं. आईने मान हलवली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काका, संमती असेल तर मान हलवा बरं."

बाबांनी मान हलवली. पण त्या आजारपणापासून त्यांची मान कुठल्याही दिशेला कशीही हलायची. ती आधी आडवी गेली, मग उभी, मग पुन्हा आडवी. आणि मान हलवताना तोंडाने चालूच होतं, नाही, नाही, नाही. शेजारच्या टेबलावरचे दोघं काम सोडून बघायला लागले.

"बाळ, माझी अडचण समजून घे," मॅडम बारकीला म्हणाल्या. "मागे एकाने बायकोची खोटी संमती दाखवून पोराला देशाबाहेर नेलं. तो कागद याच टेबलावरून गेला होता. त्याची चौकशी अजून माझ्या मानेवर आहे. माझ्यासमोर माणूस नाही म्हणतोय आणि मी हो लिहायचं? उद्या मला विचारलं तर मी काय सांगू?"

"मग आम्ही काय करायचं?" आईने विचारलं.

"यांना काही समजत नाही असा सरकारी दवाखान्याचा दाखला आणा. मग यांचं मत लागणार नाही. तुमच्या एकटीच्या सहीवर काम होईल."

जिना उतरताना आईने बाबांचा लुळा हात आपल्या खांद्यावर घेतला.

घरी आल्यावर आईने बारकीला स्वयंपाकघरात बोलावलं. भांड्यांचा आवाज करत, हळू आवाजात म्हणाली, "त्यांना सांग. डॉक्टर विचारतील तेव्हा काही दाखवू नका म्हणावं. नुसतं बसून राहायचं."

"तू सांग ना."

"माझ्याच्याने नाही व्हायचं. तुझं ऐकतात ते."

बारकी बाहेर आली. बाबा खिडकीत बसून समोरच्या गल्लीत एकजण गाडी मागे घेत होता ते बघत होते. तो चुकला की त्यांचा चांगला पाय जमिनीवर दाबला जायचा. ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि बराच वेळ त्यांच्या चपलेचा पट्टा सारखा करत राहिली.

"बाबा, उद्या डॉक्टर काही विचारतील. नाही कळलं असं दाखवलंत तर... माझं काम होईल. फक्त उद्यापुरतं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग लांब ओढून म्हणाले, "नाही."

तिचा जीव भांड्यात पडला.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि बाहेर रांग मोठी होती. त्याने आईला विचारलं, "यांना स्वतःचं नाव कळतं का? जेवल्याचं आठवतं का?" बाबा मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसले होते. ठरल्याप्रमाणे. मग डॉक्टर त्यांच्याकडे वळला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने म्हणाला, "आजोबा, हे काय आहे? पेन दाखवा पेन. लिहायचं असतं ना, ते." उत्तराची वाट न बघता तो सोबतच्या नर्सला म्हणाला, "काही राहिलेलं नाही यांच्यात. लिहून टाका."

बाबांची मान वळली. त्यांनी डाव्या हाताने टेबलावरचं पेन उचललं आणि डॉक्टरच्या पुढ्यात आपटलं. मग त्याच्या मनगटावरचं घड्याळ दाखवलं, मग भिंतीवरचं, आणि भिंतीवरचं मागे पडलंय हे बोट फिरवून सांगितलं. डॉक्टर सावरून बसला. त्याने खरी परीक्षा सुरू केली. चित्रं ओळखा, आकडे लावा, सांगतो त्या क्रमाने वस्तू उचला. बाबांनी एक चूक केली नाही. गाडीचं चित्र आलं तेव्हा त्यांनी चाकावर बोट ठेवून, हवा कमी आहे, अशी खूणही केली. डॉक्टर हसला. नर्सही हसली.

"माफ करा हं काका," तो या वेळी नेहमीच्या आवाजात म्हणाला. "तुम्ही तर आमच्यापेक्षा हुशार निघालात." आणि त्याने दाखल्यावर लिहिलं, आकलन पूर्ण, स्वतःचा निर्णय घेण्यास सक्षम.

बाबा दाराबाहेर आले ते फुललेला चेहरा घेऊन. आजारपणानंतर त्यांचं कुणी पहिल्यांदाच कौतुक केलं होतं. मग त्यांना आईचा चेहरा दिसला, आणि एखाद्याच्या हातून भर रस्त्यात काही सांडावं तसे ते जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी बारकीचं मनगट धरलं. तिने ते सोडवून घेतलं नाही, पण हात तसाच सैल ठेवला. आपण रागावलोय याची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही राग जात नव्हता. आता कागदोपत्री बाबांना सगळं कळत होतं, आणि कळत असताना ते नाही म्हणाले होते.

मॅडमनी दाखला दोनदा वाचला. "आता तर माझे हात बांधले गेले. खुणेने दिलेली संमती धरता येत नाही म्हणे, उत्तर तोंडीच हवं," त्या म्हणाल्या. पण त्यांनी फाइल बंद केली नाही. पुनर्विचाराचा अर्ज करा, म्हणाल्या, महिन्याअखेरीस पुन्हा एकदा जबाब घेता येईल.

दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एका शब्दाची तर गोष्ट आहे. करून बघू." तेव्हापासून घरात दुसरा उद्योग उरला नाही. बाई सांगायच्या, आधी नुसता श्वास सोडा, काच पुसताना सोडतो तसा. मग ओठ गोल. बारकी बाबांच्या समोर बसून ओठ गोल करायची. बाबा तिचं तोंड बघून ओठ गोल करायचे, गळ्याच्या शिरा ताणायचे, आणि शेवटी बाहेर पडायचं ते तेच. कधी कधी आधी हवा यायची, हो सारखी, आणि मग त्याच्या पाठोपाठ नाही. बारकीला ओरडावंसं वाटायचं. एकदा ती ओरडलीही. बाबांनी निमूटपणे पुन्हा ओठ गोल केले.

मैत्रिणी बाहेर बोलवायच्या, ती जायची नाही. संस्थेकडून आठवणीचं पत्र आलं, तिने ते आईला दाखवलं नाही. घरभर दिवसभर त्या एकाच अक्षराचा प्रयत्न चालायचा आणि तिला वाटायचं, आपणही त्याच्या आत कोंडलो आहोत.

जबाबाच्या आदल्या दिवशी दुपारी बाबा तिच्याकडे बघून म्हणाले, "हो." स्पष्ट. मागे काही नाही, पुढे काही नाही. आई बाहेरून धावत आली. त्यांनी तिलाही म्हणून दाखवलं. संध्याकाळपर्यंत ते पाचसहा वेळा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते तीन मजले चढले ते ओठ मिटून, तोंडात पाणी धरल्यासारखे. वाटेत कुणाच्या नमस्कारालाही त्यांनी दाद दिली नाही. बारकी त्यांच्या मागून एकेक पायरी चढत होती.

मॅडम आज जरा हसऱ्या दिसत होत्या. "मी वरच्या कार्यालयात विचारून घेतलंय," त्या आईला म्हणाल्या. "प्रश्न छापल्याप्रमाणेच विचारायला हवा असं नाही. म्हटलं, यांना नाहीच म्हणता येतं ना, मग आपणच प्रश्न फिरवू." आणि बारकीला काय होतंय ते कळायच्या आत त्या बाबांकडे झुकून, प्रेमाने, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "काका, मुलीला परदेशी पाठवायला तुमची काही हरकत आहे का?"

बाबांनी श्वास सोडला. ओठ गोल केले.

"हो."

खणखणीत. बाहेरच्या बाकावरच्या माणसांनीही ऐकलं असेल. बाबांनी अभिमानाने बारकीकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते बघून त्यांना आत्ताचा प्रश्न ऐकू आला. "नाही," ते म्हणाले. "हो. नाही. नाही. हो." चांगला हात टेबलावर आपटायला लागला. आईने तो धरला.

मॅडमनी तोंडावर हात ठेवला होता. काही वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, आधी एका पद्धतीने, मग दुसऱ्या. पण बाबांच्या हातून आता दोन्ही शब्द सुटले होते आणि कुठला कधी येईल याचा नेम नव्हता.

"मी नकार लिहीत नाही," शेवटी मॅडम म्हणाल्या. "उत्तर निश्चित नाही, असं लिहिते. याहून जास्त माझ्या हातात नाही गं."

निश्चित नाही, म्हणजे परवानगीही नाही. संस्थेची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. त्यांनी सभ्य भाषेत कळवलं की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, फीमाफीची खात्री देता येणार नाही.

हिवाळ्यात बारकी अठरा वर्षांची झाली. ती एकटीच कार्यालयात गेली, एकटीने सही केली, आणि खिडकीवरच्या माणसाने वर न बघता शिक्का मारला. पासपोर्ट घरी आला तो आईने कपाटात ठेवला. बारकीने नवा अर्ज पाठवला आणि तोवर म्हणून एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, काचा घासायचं काम धरलं. खोलीला खिडकी नव्हती. संध्याकाळी घरी आल्यावरही कानात यंत्राची घरघर राहायची.

बाबांना आता बरेच शब्द येत होते. ये, जा, पाणी, अगं. पण जुळवाजुळव बारकीलाच करावी लागायची. ती कामावर गेली की ते दिवसभर गप्प बसून राहतात, असं आई सांगायची, आणि ते ऐकलं की बारकीला आणखीच घुसमटायला व्हायचं.

एका संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बाबा बारकीला दिवसभरातलं काहीतरी सांगायची धडपड करत होते. शब्द सापडेना म्हणून त्यांनी तिच्या बाहीला हिसका दिला. तेव्हा ती म्हणाली, अगदी शांतपणे, "त्या डॉक्टरसमोर तुम्ही गप्प बसला असतात तर मी आज तिथे असते."

आईचे हात थांबले. बाबांनी बाही सोडली. ते उठले, पाय ओढत आतल्या खोलीत गेले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत.

सकाळी बारकी निघायच्या तयारीत असताना ते बाहेरच्या खोलीत येऊन बसले, अंगात शर्ट, बटणं उघडी. बटणं रोज ती लावायची. ती पुढे झाली तर त्यांनी डाव्या हाताने तिला थांबवलं आणि वरचं बटण स्वतः धरलं. ते काज्यात जाईना. गेलं तर सुटायचं. ती दारात पर्स घेऊन उभी राहिली. आई म्हणाली, "अगं, तुला उशीर होतोय, लाव पटकन." बारकी हलली नाही, आणि बाबांनीही वर बघितलं नाही. दुसरं बटण लागलं ते चुकीच्या काज्यात लागलं. त्यांनी ते काढलं आणि पुन्हा सुरुवात केली.

ती दुकानात पोचली तेव्हा गिऱ्हाइकं येऊन बसली होती. मालकाने उशीर का झाला म्हणून विचारलं. घरी काम होतं, ती म्हणाली, आणि मागच्या खोलीत जाऊन यंत्र सुरू केलं.