हार कबूल करायला

विश्व कायम असंच होतं, त्याला सुरुवात नाही, असं प्राध्यापकांनी जन्मभर शिकवलं. वेधशाळेतला त्यांचा हाडवैरी मात्र सुरुवात होती म्हणून जन्मभर भांडला. मग आरंभापासून उरलेली मंद ऊब आकाशात सगळीकडून येताना यंत्रांनी टिपली आणि प्राध्यापकांचा सिद्धांत मातीमोल झाला. जग पुढे गेलं. हरलेल्याची विचारपूस करायला जगाला कुठली फुरसत?

हार गिळायला वर्षं लागली. शेवटी ती तोंडावर कबूल करायला ते वैऱ्याच्या घरी गेले. वहिनी दारातच म्हणाल्या, "भावजी, यांना आता कोणी ओळखू येत नाही."

तरी ते खुर्ची ओढून बसले. "जिंकलास लेका. विश्वाला सुरुवात होती."

म्हातारा हसला. "कोणी भरवलं हे डोक्यात? आहे ते पहिल्यापासून आहेच की."

प्राध्यापक चिडले. वैऱ्याचेच पुरावे त्यालाच एकेक करून समजावू लागले.

"छे, पटत नाही बुवा," म्हातारा चहा फुंकत म्हणाला.

प्राध्यापकांची हार ऐकून घेईल असा एकच माणूस उरला होता आणि तो आता त्यांचीच बाजू घेत होता.